झिंक फवारलं, पण गव्हाच्या दाण्यात उतरलंच नाही: कुठं अडतं आणि काय करायचं

मार्च संपत आला, मळणीचा धुरळा खाली बसला, की आमच्या गटात तोच विषय पुन्हा निघतो. "दोनदा झिंक मारलं, पण रिपोर्टला आकडा तिशीच्या आतच." निफाड तालुक्यातले आम्ही काही शेतकरी मिळून गहू करतो आणि त्यातला बराचसा नाशिक शहरातल्या घरांना थेट पोहोचवतो. दाण्यात जस्त, म्हणजेच झिंक, वाढवायचं हे आम्ही ठरवलं, औषधं आणली, फवारलं, आणि सलग तीन हंगाम दाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन एकमेकांची तोंडं पाहत बसलो. चौथ्या हंगामात आकडा हलला. मधल्या काळात काय काय चुकलं ते सगळं इथं लिहितोय, कारण हीच चूक आजूबाजूच्या दहा शिवारांत दर वर्षी होताना दिसते.

आधी आकड्याबद्दल. रिपोर्टमधलं पीपीएम म्हणजे एक किलो दाण्यात किती मिलिग्रॅम जस्त. आपल्याकडचा नेहमीचा गहू बहुधा २० ते ३५ च्या दरम्यान असतो. शरीराला खरोखर फरक पडावा म्हणून ४० च्या पुढं जायचं, असं उद्दिष्ट धरतात. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी साधारण ३२ टक्क्यांच्या रक्तात जस्त कमी निघालं होतं. आपल्या घरात रोज दोन वेळा पोळी होते. ज्या पोरांना आपला गहू खाऊ घालतो त्यांच्यासाठी हे करायचं आहे, म्हणून मला यात टाळाटाळ चालत नाही.

आता पहिली गोष्ट, जी आम्हाला समजायला दोन वर्षं लागली. पिकाला झिंक देणं आणि दाण्याला झिंक देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आमच्या शेजारी आबा आहेत. त्यांचा रिपोर्ट सगळ्यात कमी आला तेव्हा मी विचारलं, "आबा, फवारणी कधी केली होती?"

"केली की! तिसाव्या दिवशी एक, पंचेचाळिसाव्या दिवशी एक. पान कसं हिरवंगार झालं होतं, तूच बघून गेला होतास."

पान हिरवं झालं होतं हे खरंच. आबांच्या रानात चुनखडी आहे, मातीचा सामू (पीएच) आठच्या वर, तिथं फुटव्यांच्या वेळी गव्हाच्या मधल्या पानांवर फिकट, वाळके डाग दरवर्षी पडतात. ती पिकाची भूक होती आणि ती फवारणीनं भागली. पण तेव्हा ओंबी जन्मालासुद्धा आली नव्हती. त्या जस्तातून पानं वाढली, फुटवे वाढले, काड वाढलं. दाण्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यातलं फार थोडं उरलं.

दाण्यात जस्त हवं असेल तर दाणा भरत असताना पानात आणि ओंबीत ते हजर पाहिजे. ओंबीखालचं शेवटचं पान आणि दाण्यावरचं टरफल, या दोन जागांहून ते दाण्याकडं वाहतं. म्हणून फवारण्या दोन: पहिली गहू पोटरीत असताना किंवा ओंबी निसवायला लागली की, आणि दुसरी दाण्यात पातळ चीक भरू लागला की. एकच करता येत असेल तर दुसरी करा. तुर्कस्तानातल्या साबांजी विद्यापीठाचे इस्माइल चाकमाक यांच्या पुढाकारानं भारतासह अनेक देशांत गव्हावर याच्या चाचण्या झाल्या आहेत. २०१२ साली छापून आलेल्या सात देशांतल्या निकालांत झिंक न दिलेल्या गव्हात २७ च्या आसपास असलेला आकडा फवारणीनं ४८ च्या आसपास गेला. नुसतं जमिनीतून दिलं तिथं मात्र दाण्यातला आकडा जेमतेम हलला.

चिकाची अवस्था दिवस मोजून ठरवू नका. दहा नोव्हेंबरच्या आसपास पेरलेला गहू आपल्याकडं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निसवतो आणि महिनाअखेरीला चिकावर येतो, हा ढोबळ हिशोब झाला. थंडी लांबली की हे दिवसही लांबतात, आणि निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा ओंबी हातात घ्या. मधल्या भागातला एक दाणा काढून अंगठ्याच्या नखानं दाबा. फुलोऱ्यानंतर सुरुवातीला त्यातून नुसतं स्वच्छ पाणी येतं. काही दिवसांनी तेच पाणी गढूळ, मग पातळ दुधासारखं पांढरं होतं. नखावर दुधाचा थेंब दिसला, की त्याच आठवड्यात पंप पाठीवर घ्या. दाबल्यावर कणकेसारखा गोळा बाहेर आला तर उशीर झाला. गेल्या वर्षी मी सकाळी बांधाच्या कडेच्या ओंब्या पाहून "चीक आला" म्हणालो, आणि आत दहा पावलं गेल्यावर अजून पाणीच निघालं. कडेचं पीक आधी पुढं सरकतं. वावराच्या मध्यावर जाऊन पाच-सहा ठिकाणी बघा.

वेळ जमली, तरी आकडा हलला नाही, असं आमच्यातल्या चौघांचं झालं. तिथं गोम मात्रेत होती.

आपण द्राक्षवाले. झिंक म्हटलं की हात आपोआप चिलेटेड झिंकच्या पुडीकडं जातो, म्हणजे १२ टक्के जस्त असलेलं ईडीटीए. लेबलावरची मात्रा बहुधा लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे एकरी २०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम. त्यात जस्त किती? १२ ग्रॅम. आता दुसऱ्या बाजूचा हिशोब करा. एकरी १८ क्विंटल गहू आणि दाण्यात १५ पीपीएम वाढ हवी, तर १८०० किलोला १५ मिलिग्रॅमनं २७ ग्रॅम जस्त नुसतं दाण्यात जाऊन बसायला हवं. फवारलेल्यातलं सगळंच काही दाण्यात जात नाही, बरंचसं पानावर, काडात, मातीत राहतं. जिथं फवारलंच १२ ग्रॅम, तिथं २७ कुठून येणार? वेलीवरची कमतरता झाकायला ती पुडी चांगली आहे. दाणा भरायला ती पुरत नाही.

या कामाला साधं झिंक सल्फेट लागतं, अर्धा टक्का. पोत्यावर २१ टक्के लिहिलं असेल तर लिटरला ५ ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, एकराला २०० लिटर पाण्यात १ किलो. यातून २१० ग्रॅम जस्त पानावर जातं. मात्र पोत्यावरचा टक्का वाचल्याशिवाय वजन करू नका. ३३ टक्केवालंही झिंक सल्फेट बाजारात मिळतं. ते लिटरला सव्वातीन ग्रॅमच्या आत, पंपाला ४८ ग्रॅमच्या आसपास घ्यायचं. आमच्या एका भावानं ३३ टक्केवालं २१ च्या मापानं घातलं, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या पानांची टोकं भाजल्यासारखी झाली. जळलेलं पान दाण्याला काय देणार?

आता मुख्य मुद्दा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मला वाटतं आमच्या भागातल्या निम्म्या फवारण्या इथंच वाया जातात.

तिसऱ्या वर्षी मला पोत्यातल्या मालाचाच संशय आला. एका दुकानातून आणलेलं झिंक सल्फेट हाताला वेगळंच लागत होतं. झिंक सल्फेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ होते. दोन्ही पांढरे खडे, डोळ्यांना फरक कळत नाही. ओळखायची जुनी रीत आहे. एका ग्लासात डीएपी खत विरघळवून वरचं निवळ पाणी काढायचं, दुसऱ्या ग्लासात झिंक सल्फेटचं पाणी करायचं, आणि एकात दुसरं ओतायचं. खरं झिंक असेल तर क्षणात दही फाटल्यासारखे पांढरे गुठळ पडतात. नुसतं मॅग्नेशियम असेल तर पाणी तसंच राहतं. मी ओट्यावर दोन काचेचे ग्लास मांडले. ओतलं. धुरासारखी पांढरी रेघ आधी खाली उतरली, मग सगळा ग्लास ताकासारखा झाला आणि पाच मिनिटांत तळाशी दोन बोटं साका बसला. माल खरा निघाला.

तो साका बघत असतानाच डोक्यात आलं: हे तर मी ड्रममध्ये दर वर्षी करतोय.

दाणा टपोरा व्हावा म्हणून याच दिवसांत आपण ०:५२:३४ किंवा १९:१९:१९ ही विद्राव्य खतं फवारतो. एकच फेरी, एकच मजुरी, म्हणून झिंकही त्याच ड्रममध्ये टाकतो. डीएपीत जे स्फुरद (फॉस्फरस) आहे तेच या विद्राव्य खतांत आहे. झिंक आणि स्फुरद एकत्र आले की त्यांचं न विरघळणारं झिंक फॉस्फेट होतं. विद्राव्य खतांचं पाणी आंबट असल्यामुळं डीएपीइतकं झटकन फाटत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. पण आमच्या विहिरीचं जड, खारं पाणी त्यात आलं की तासाभरात ड्रमच्या तळाला पांढरा गाळ धरतो. नोझल चोंदतं, आपण ते काडीनं साफ करतो, चाळणी झटकतो आणि पुढं चालू लागतो. त्या चाळणीवर अडकलेलं पांढरं पीठ म्हणजेच आपण पैसे देऊन आणलेलं झिंक. जे पानावर पोहोचतं तेही पावडरीसारखं वरच बसतं, आत शिरत नाही.

त्यामुळं नियम साधा. झिंकच्या ड्रममध्ये स्फुरद असलेलं कुठलंही खत नको. दोन्ही द्यायचं असेल तर चार-पाच दिवसांच्या अंतरानं वेगळ्या फवारण्या करा. कॅल्शियमची खतं आणि बोर्डोही (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) दूरच ठेवा. झिंकला जोड हवीच असेल तर युरियाची द्या, लिटरला २० ग्रॅम. युरियानं झिंक पानात शिरायला मदत होते, आणि पिकात नत्र पुरेसं असलं की दाण्यात प्रथिनं वाढतात आणि जस्तही त्यांच्याबरोबर जास्त भरतं. मावा किंवा तांबेऱ्याचं औषध त्याच वेळी मारायची पाळी आली तर आधी बाटलीत मिसळून बघा. ज्या मापानं ड्रममध्ये घालणार त्याच मापानं, तुमच्याच विहिरीच्या पाण्यात. अर्धा तास ठेवा. गाळ, फेस, तवंग काही आलं नाही तरच ड्रममध्ये जाऊ द्या.

पाण्याचंही तसंच. नुसतं झिंक सल्फेट टाकूनही पाणी दुधाळ होत असेल तर पाण्याचा सामू जास्त आहे. द्राक्षावर जिब्रेलिक (वाढीचं संजीवक) देताना आपण सायट्रिक ॲसिड घालून सामू साडेपाच-सहावर आणतो की नाही? तेच इथं करा, आणि आधी सामू उतरवून मगच झिंक टाका. गव्हाला कोण एवढं करतं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. सामू बघायची पट्टी तीच, ॲसिड तेच, घरातच पडलेलं असतं.

आणि ड्रम. आमच्याकडं एकच ब्लोअर, एकच टाकी, बागेलाही तीच. टाकीच्या कडांना बोर्डोचा निळसर पापुद्रा चिकटलेला असतो, त्यात चुना असतो, आणि तो सामू पुन्हा वर ढकलतो. दोन वेळा नीट धुतल्याशिवाय झिंक भरू नका. तणनाशकाचा पंप तर या कामाला मुळीच वापरू नका.

गव्हाच्या पानावर मेणाचा थर असतो. पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळतो, म्हणून चांगलं स्टिकर (चिकटद्रव) लेबलवरच्या मात्रेनं घाला. फवारणी दुपारी चारनंतर करा. उन्हात पाणी लगेच सुकतं, झिंकचं मीठ पानावर राहतं आणि टोकं भाजतात. संध्याकाळी मारलं तर रात्रभर ओलावा राहतो आणि झिंक आत जातं. सकाळी दवात मारू नका, सगळं ओघळून खाली जातं.

उशिरा पेरलेल्या गव्हाची अडचण वेगळी आहे. सोयाबीन किंवा मका उशिरा निघाला, पाऊस लांबला, पेरणी डिसेंबरात गेली, की दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारीचं ऊन लागतं आणि ओंबीखालचं पान आधीच पिवळं पडतं. त्या पानावर कितीही मारा, वाहून नेणारी वाटच सुकलेली असते. अशा वेळी निसवणीची फवारणी चुकवू नका आणि चिकाच्या वेळी पाण्याची पाळी द्या. कालव्याचं आवर्तन त्याच आठवड्यात असेल तर आधी पाणी, मग दोन दिवसांनी फवारणी. ताणात असलेल्या पिकावर फवारणी फुकट जाते.

जमिनीतून झिंक द्यायचंच नाही, असं मी म्हणत नाही. माती तपासा. डीटीपीए पद्धतीनं जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर पेरणीच्या वेळी एकरी १० किलो झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या, त्यानं उत्पादन सावरतं. फक्त डीएपीबरोबर एकाच पाटीत कालवू नका, कारण आता तुम्हाला माहीत आहेच. डीएपीचा हातही जरा आखडा. स्फुरद फार झालं की मुळांना जस्त कमी मिळतं, आणि दाण्यात फायटेट वाढतं, जे पोटात गेल्यावर जस्ताला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही.

कधीकधी शेतात सगळं बरोबर असतं आणि चूक नमुन्यात असते. आमच्या एकाचा आकडा एकदा इतका वर गेला की कुणालाच विश्वास बसेना. विचारलं तर नमुना जीआयच्या जुन्या बादलीत गोळा केलेला. जीआय म्हणजे जस्ताचाच मुलामा. घासून दाण्याला लागला, आणि रिपोर्ट बादलीचा आला. नमुना हातानं तोडलेल्या ओंब्यांचा घ्या, हातानंच चोळा, कागदी किंवा स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत भरा. वावराच्या आठ-दहा जागांवरून थोडं थोडं घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोन सऱ्यांचा एक पट्टा न फवारता सोडा, खुणेला काठ्या रोवा, त्याचा नमुना वेगळा पाठवा. तो पट्टा नसेल तर आकडा कशामुळं बदलला हे कुणीही सांगू शकणार नाही. एखाद्या वर्षी उन्हानं दाणा बारीक राहिला की फवारणी न करताही पीपीएम वर दिसतो, आणि भरघोस पिकलं की तेच जस्त जास्त दाण्यांत वाटलं जाऊन आकडा खाली येतो.

वाणानंही फरक पडतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी गहू जस्तासाठी म्हणून ओळखला जातो, त्यात ४० पीपीएमच्या आसपास जस्त आणि १४.७ टक्के प्रथिनं नोंदली आहेत. तो कोरडवाहूसाठी आहे. आमच्या ओलिताच्या रानात आम्ही निफाडच्याच कृषी संशोधन केंद्राचा फुले समाधान करतो आणि त्यावर फवारणी करतो.

पैशाचं सरळ सांगतो. जमिनीत जस्ताची कमतरता नसेल तर या दोन फवारण्यांनी उतारा वाढेलच असं नाही, आणि बाजार समितीत गव्हाच्या ढिगाकडं बघून कुणी जस्ताचे पैसे देत नाही. खर्च दोन किलो झिंक सल्फेट, थोडा युरिया आणि दोन संध्याकाळची मेहनत एवढाच. ज्यांना घरी खायचा गहू ठेवायचा आहे त्यांनी निदान तेवढ्या वाफ्यांना तरी ही फवारणी करावी, असं माझं मत आहे.

शेवटची अडचण घरातली निघाली. आकडा हलला त्या वर्षी मी मोठ्या कौतुकानं आईला रिपोर्ट दाखवला. ती कणीक चाळत होती. चाळणीत राहिलेला जाडसर कोंडा तिनं नेहमीसारखा गाईच्या पाटीत टाकला. दाण्यातलं बरंचसं जस्त त्या बाहेरच्या थरात आणि कोंबात असतं. उशिराच्या फवारणीनं आतल्या पांढऱ्या भागातही ते वाढतं, पण कोंड्याइतकं कधीच नाही. मी म्हणालो, "आई, सगळं जस्त गाईला चाललंय."

"मग आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली. तिनं पाटीतला वरचा स्वच्छ कोंडा ओंजळीनं परत काढला आणि परातीत टाकला. आता आमच्याकडं गिरणीवरून जरा बारीक दळून आणतात आणि न चाळता मळतात. ज्या घरांना आम्ही गहू देतो, त्यांच्या पिशवीवरही यंदापासून तेवढी एक ओळ लिहितोय: पीठ चाळू नका.